अर्ध्या चुड्याची तक्रार

सिताराआपांना मी पहिल्यांदा भेटलो तेव्हा त्या माझ्यापासून दीड किलोमीटर लांब होत्या. मी बसमध्ये होतो, त्या बाजारात होत्या, आणि भेट त्यांच्या आवाजानेच घडवून आणली. यावलहून निघालेली आमची बस केळीच्या बागांमधून गुण्यागोविंदाने चालली होती. एकाएकी ड्रायव्हरने ब्रेक दाबला. पुढे गाय नव्हती, ट्रक नव्हता. खड्डा होता, पण तो रोजचाच. ड्रायव्हरने मान वाकडी करून कानोसा घेतला आणि म्हणाला, "आज सितारा तापेल दिसते." तेवढ्यात मलाही ऐकू आलं. पुढच्या सीटवरच्या म्हाताऱ्याने कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं. "इथून पुढे लागत नाही," तो मला म्हणाला, "सेल वाचतात."

गावात उतरलो तर मारुतीच्या पारावरची कबुतरं मशिदीवर जाऊन बसली होती आणि मशिदीवरची मारुतीच्या पारावर. चहाच्या टपरीवर ग्लासातली साखर चमच्यावाचून विरघळत होती. या दोन गोष्टींना माझ्याशिवाय साक्षीदार नाही. पण मी शाळामास्तर आहे, खोटं बोलत नाही, परीक्षेचा निकाल लावताना सोडून.

गावाचं नाव लिहीत नाही. यावल आणि फैजपूरच्या मधे कुठेतरी आहे एवढं पुरे. ग्रामपंचायतीत माझे चार विद्यार्थी आहेत आणि त्यांना वाचता येतं. ती चूक माझीच.

तर त्या गुरुवारी, बदलीच्या पहिल्याच दिवशी, दोन्ही हातांत दोन बॅगा घेऊन आठवडे बाजारातून वाट काढताना माझा उजवा पाय एका टोपलीत पडला. टोपलीत बांगड्या होत्या. चराचर सृष्टी थांबली. ज्या आवाजाने दीड किलोमीटरवर बस थांबवली होती तो आता माझ्यापासून दीड फुटावर होता.

"मास्तर, ह्या डोया शेतस का बटनं?"

मी मास्तर आहे हे त्यांना कसं कळलं, हे विचारायची हिंमत मला पुढे अकरा वर्षं झाली नाही. बॅगा खाली ठेवून, डोळे की बटणं हा प्रश्न टाळत, मी म्हणालो, "फुटल्या का हो?" आजूबाजूच्या सगळ्या बायकांनी एकदम जीभ चावली. बांगडी फुटत नसते. ती वाढते. माझ्या पायाने त्या दिवशी सात डझन बांगड्या वाढवल्या असं मी अनेक वर्षं सांगत आलो आहे. खरा आकडा दोन. दोन डझन नव्हे, दोन बांगड्या.

सिताराआपा म्हणजे आमच्या गावच्या मनियारीण, बांगड्या विकणाऱ्या आणि भरणाऱ्या. माहेर धुळ्याकडचं, त्यामुळे घरात हिंदी, बाजारात अहिराणी आणि भांडणात दोन्ही. अंगाने काटकुळ्या. एवढा आवाज त्या देहात कुठे ठेवलेला असतो, हा प्रश्न गावातल्या डॉक्टरांनाही पडलेला आहे. त्यांचे यजमान हाशमभाई टोपली भरून बाजारात आणून द्यायचे आणि मग संध्याकाळपर्यंत मशिदीसमोरच्या बाकावर शांततेचा आस्वाद घेत बसायचे. बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी एकदाच आवाज चढवला असं म्हणतात. तेव्हा आपा माहेरी होत्या.

दोन बांगड्यांचं प्रायश्चित्त म्हणून मी त्या दिवशी एक डझन विकत घेतल्या. माप विचारलं तर मी हवेत बोटांनी गोल काढून दाखवला. आपांनी त्या गोलाकडे अशा नजरेने पाहिलं की पुढच्या गुरुवारी मी बायकोलाच घेऊन गेलो. आणि तिथे मला त्यांचं खरं कसब दिसलं.

बांगडी भरणं म्हणजे हात दाबणं. अंगठ्याच्या मुळाशी एक हाड असतं, ते आडवं येतं. मनियारीण पंजा आपल्या मुठीत घेते, बोटं जुळवते, मळते, दाबते आणि हाताचा मालक "आई गं" म्हणायच्या आत बांगडी मनगटात उतरवते. आता गंमत अशी, की एकदा "आई गं" म्हणून तोंड उघडलं की बाई तेवढ्यावर थांबत नाही. दाबलेल्या हातातून जी वाट उघडते तिच्यातून सगळं बाहेर येतं. माझ्या बायकोने सहाव्या बांगडीपर्यंत माझ्याविषयीच्या नऊ तक्रारी सांगितल्या. त्यातल्या चार मलाही नव्या होत्या. बाराव्या बांगडीला आपा माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "मास्तर, वला टॉवेल पलंगवर कसाले टाकतस?" बाजारातल्या सगळ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. ओला टॉवेल मी तेव्हापासून दोरीवर टाकतो.

गावातल्या दर घरच्या बाईचा हात आपांच्या मुठीत येऊन गेलेला होता. त्यामुळे दर घरचं गाऱ्हाणं त्यांच्या पोटात जमा होतं. चुगली मात्र नाही. एकीचं दुसरीला कधी सांगितलं नाही. ज्याच्याविषयी गाऱ्हाणं असेल त्यालाच गाठायचं, भर चौकात, आणि त्याच्याच तोंडावर सांगायचं. पिठाच्या गिरणीवाल्याला दगड बदलायला लावला. नळाला पाणी सोडणाऱ्याला घड्याळ दाखवलं. मी नववीच्या मुलींना कवायतीत मागच्या रांगेत उभं करतो, याबद्दल मला दोनदा झापलं. गावातले पुरुष त्यांना किरकिरी म्हणायचे. बायका म्हणायच्या, "आपाले सांग."

आता एका कुलपाकडे येतो.

गुरुवारच्या बाजारात विकायला बसणाऱ्या शंभरेक बायका. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत. पुरुषांना त्या बाबतीत अख्खा जिल्हा मोकळा आहे. बायकांनी जायचं कुठे? बरीच वर्षं हा प्रश्न कुणी विचारला नाही. मग कुठल्याशा योजनेत बाजारतळावर महिलांसाठी चार खोल्यांचं स्वच्छतागृह बांधून झालं. पांढऱ्या फरशा, भिंतीवर डोक्यावर पदर घेतलेल्या हसऱ्या बाईचं चित्र, खाली 'महिलांचा सन्मान हाच गावाचा अभिमान'. आणि दाराला नारळाएवढं कुलूप. एका कडीपासून दुसऱ्या कडीपर्यंत लाल प्लास्टिकची फीत. कारण उद्घाटन व्हायचं होतं.

सरपंच लताबाई होत्या, म्हणजे कागदोपत्री. कारभार त्यांचे यजमान अभिमननाना बघायचे. नाना माणूस लाख. कुणाच्या मरणाला, तोरणाला पहिले हजर. फक्त उद्घाटनाचा शौक दांडगा. फीत कापल्याशिवाय वस्तू सुरू झाली तर तिला बरकत येत नाही अशी त्यांची श्रद्धा. गावातल्या गतिरोधकाचंसुद्धा त्यांनी उद्घाटन केलं होतं आणि त्यावर आपटण्याचा पहिला मान स्वतःच्या मोटारसायकलला दिला होता. स्वच्छतागृहासाठी मात्र त्यांनी फार वरचे पाहुणे धरले होते. त्या पाहुण्यांची तारीख मिळेना. संगमरवराची पाटी तयार होती, 'यांच्या शुभहस्ते'च्या वर जागा कोरी. दोन वर्षं गेली. लाल फीत गुलाबी झाली. भिंतीवरची बाई हसतच होती. तिचं काय जातं!

खरं भोगणं होतं ते बिजलीबाईचं. ती सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून यायची, पहाटेच्या जीपने, मोसमाप्रमाणे डिंक, चारोळी, सीताफळं घेऊन. आपांच्या शेजारीच बसायची. बुधवारी दुपारनंतर ती पाणी पीत नसे, गुरुवारी संध्याकाळी पाड्यावर पोचेपर्यंत. चैत्रातसुद्धा. जळगावचा चैत्र ज्याने पाहिला नाही त्याने तव्यावर हात ठेवून पाहावा. एका गुरुवारी भर दुपारी ती पोट धरून चारोळीच्या ढिगावरच कोसळली. आपांनी तिला रिक्षात घालून फैजपूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, मूतखडा आहे, पाणी पीत जा, दिवसाला बारा ग्लास.

बिजलीबाई डॉक्टरांना म्हणाली, "पानी पिवाले शे. सोडाले जागा नही."

डॉक्टरांनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं आणि वर ताकीद दिली, की असंच चाललं तर मूत्रपिंड जाईल. बिजलीबाईने बाजार सोडायचं ठरवलं. बाजार सोडला तर घरात दुसरं काही येणार नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि आपांनाही. पुढच्याच गुरुवारी ती पुन्हा आपांच्या शेजारी येऊन बसली, बिनपाण्याची.

त्या दिवसापासून आपांच्या बाकीच्या सगळ्या तक्रारी बंद. एकच राहिली. कुलूप उघडा.

अर्ज त्यांची मुलगी मिसबाह लिहायची. ती तेव्हा फैजपूरला बी.ए. करत होती, अक्षर मोत्यासारखं. आपा सांगायच्या आणि मिसबाह त्यातल्या शिव्या गाळून उरलेलं लिहायची. कधीकधी शिव्या गाळल्यावर फक्त 'मा. सरपंच यांस' आणि 'आपली विश्वासू' एवढंच उरायचं. असे एकतीस अर्ज गेले. एकतीसांनाही पोच मिळाली. आपांनी ग्रामसभेत विचारलं, नानांच्या ओट्यासमोर विचारलं, वरातीत नाना घोड्यापुढे नाचत असताना विचारलं. नानांनी कुलपाची किल्ली पुना शिपायाच्या हवाली केली आणि बजावलं, की ही अंगावेगळी करायची नाही. पुनाने ती करदोट्याला बांधली. आता ती तिथून काढणं कुठल्याच बाईमाणसाला शक्य नव्हतं.

गेल्या वर्षी मार्चमधल्या ग्रामसभेला नानांचा भाचा आला होता, पुण्याला कंपनीत असतो. आपा उभ्या राहिल्या, बोलायला लागल्या. तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "मामा, शी इज जस्ट ग्रायपिंग." नाना मोठ्याने हसले. त्यांना काही कळलं होतं अशातला भाग नाही, पण इंग्रजी होतं म्हणजे हसण्यासारखं असणार. मग सगळी सभा हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा माझ्या दारात. पायऱ्या चढायच्या आधीच विचारलं, "मास्तर, तो पोऱ्या माले काय म्हने? गायप का काय. शिवी शे का?"

"शिवी नाही," मी म्हटलं. "ग्राइप म्हणजे कुरकुर करणं. तक्रार करत राहणं. बोलीतला शब्द आहे."

"नीट सांगा. मी आठे बसस."

त्या बसल्या. मागोमाग मिसबाहही आली. मी कपाटातला जाडा शब्दकोश काढला. बायकोने चहा ठेवला. सभेत हसण्यावारी गेलेल्या शब्दाची आमच्या पडवीत अशी रीतसर तपासणी सुरू झाली.

मी सांगितलं, की हा शब्द फार जुना आहे. हजार वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता पकडणं, मुठीत घट्ट धरणं. पुढे कितीतरी शतकांनी तो पोटात गेला. आतडं कुणीतरी मुठीत धरून पिळावं तशी जी कळ येते तिला ते लोक ग्राइप म्हणायला लागले.

"थांबा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "म्हणजे पोरांना पाजतो ते ग्राइप वॉटर?"

"तेच. पोटातल्या पिळाचं पाणी."

"अरे!" आपा म्हणाल्या. "मिसबाहले मी तीन बाटल्या पाजेल शेतस. माले नावच माहीत नव्हतं."

"आणि तक्रार हा अर्थ अगदी अलीकडचा. अमेरिकेत, शंभर वर्षांपूर्वी. पोटात पीळ पडला की माणूस कण्हतो, बोलतो, कुरकुरतो. म्हणून कुरकुरीलाच तो शब्द चिकटला."

आपा काही बोलल्या नाहीत. ही घटना इतकी अपूर्व होती, की बायको बघायला बाहेर आली.

मला मग जरा चेव चढला. मास्तराला समोर गप्प बसलेलं माणूस दिसलं की त्याचं असं होतं. मी म्हटलं, "आपल्याकडचे शब्द घ्या. कुरकुर, किरकिर, पिरपिर, भुणभुण, कटकट. हे सगळे आवाज आहेत. ऐकणाऱ्याच्या कानाला काय त्रास झाला तेवढं यात आहे. बोलणाऱ्याचं काय दुखतंय ते एकाही शब्दात नाही."

"आणि तक्रार?" मिसबाहने विचारलं. मग तीच म्हणाली, "सर, तो तर अरबीतून आलाय. तकरार म्हणजे तेच तेच पुन्हा करणं. आम्हांला मौलाना सांगायचे."

"तेच तर करस मी दोन वरीसपासून," आपा म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. उजव्या हाताची मूठ वळली, ती पोटावर ठेवली, मग तोंडाशी नेली. पुन्हा एकदा तसंच. मूठ, पोट, तोंड. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गोरा लोक हुशार शेतस, मास्तर. आधी मूठ धरी, मंग पोट दुखनं, मंग तोंड उघडनं. मी उलटं करी बसनू. तोंडथून सुरू करं."

मी म्हटलं, "आपा, शब्दाचा इतिहास असा वापरायचा नसतो."

"मंग काय करतस त्यानं?"

हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारलेला नाही. तीस वर्षं इंग्रजी शिकवतो आहे.

वैशाखात नानांच्या मुलीचं, उषाचं लग्न निघालं. आमच्याकडे हळदीच्या दिवशी नवरीचा चुडा भरतात. हिरव्या काचेच्या बांगड्या, डाव्या हातात अकरा, उजव्यात दहा. आणि तो कुणीही भरून चालत नाही. ज्या घराची जी मनियारीण तीच. नानांच्या बहिणीचा चुडा आपांच्या सासूने भरला होता, नानांच्या आत्याचा त्या सासूच्या सासूने. गावात कितीही भांडण असो, यजमानाने स्वतः जाऊन नारळ आणि खण देऊन मनियारणीला बोलवायचं. नाना गेले. नारळ दिला. एकतीस अर्जांबद्दल दोघांपैकी कुणीही चकार शब्द काढला नाही. हळद गुरुवारी होती.

मी मांडवात पुरुषांच्या बाजूला होतो, म्हणजे ओटीच्या उंबऱ्याशी, जिथून बायकांच्या बाजूचं सगळं दिसतं आणि काहीच बघत नसल्यासारखं बसता येतं. उषा पूर्वेकडे तोंड करून पाटावर बसलेली. भोवती पन्नास बायका. आपांनी टोपली सोडली, उषाचा डावा हात मुठीत घेतला आणि गाणं थांबायच्या आत अकरा बांगड्या भरल्या. हातावर ओरखडा नाही. बायका "वा" म्हणाल्या. मग आपांनी उषाचा उजवा हात घेतला, घट्ट धरला, आणि दुसऱ्या हाताने टोपलीवर फडकं टाकलं.

"नानाले बलावा."

एक हात भरून बाई पाटावरून उठत नाही. अर्धा चुडा अंगावर घेऊन नवरी उभी राहिली तर काय होतं हे कुणालाच माहीत नाही, कारण आजवर कुणी उभी राहिलेली नाही.

नाना आले. डोक्याला फेटा, हातात मांडववाल्याची चिठ्ठी. "काय झालं आपा? बांगड्या कमी पडल्या?"

"बांगड्या बठ्ठ्या शेतस. किल्ली द्या."

"कसली किल्ली?"

"तुम्हले माहीत शे कसली."

नानांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला. फेटा गुलाबी होता. "आज? मुलीच्या हळदीला? आपा, लाज बाळगा. साहेबांनी येत्या महिन्यात तारीख द्यायचं कबूल केलंय."

"साहेबनी तारीख साहेबले. माले किल्ली."

"हा ब्लॅकमेल आहे!"

"नही नाना," आपा शांतपणे म्हणाल्या. "ग्राइप शे. तुम्हना भाचाले इचारा."

भाचा मांडवातच होता. त्याने मोबाईल खिशात टाकला आणि पाणी प्यायला गेला.

नाना तावातावाने म्हणाले, "फैजपूरहून दुसरी मनियारीण आणतो. अर्ध्या तासात." हे बोलायला नको होतं. एका चुड्याचे दोन हात दोन मनियारणींचे? नानांच्या म्हाताऱ्या आत्याने तोंडावर पदर घेतला. बायकांमधून एक सुस्कारा निघाला, आणि माझी खात्री आहे की तो एकट्या मुलीसाठी नव्हता, नानांच्या अकलेसाठीही होता.

तेवढ्यात उषा हलली. आपांच्या कानाशी काहीतरी बोलली. आपांनी कान दिला आणि तिचा हात जरा सैल केला. "कवयपासून?" त्यांनी हळू विचारलं. त्यांचं हळू म्हणजे आम्हां सगळ्यांना स्पष्ट ऐकू आलं.

"सकायपासून," उषा म्हणाली. "तीन गिलास सरबत पाजलं मामींनी."

आपांनी मान वर केली. आवाज मात्र चढवला नाही, आणि मी त्यांना तसं बोलताना तेवढं एकदाच ऐकलं. "ऐका नाना. तुम्हनी पोर सकायपासून बशेल शे. उठता येत नही. पोटमा काय व्हई राहिनं ते तिले इचारा. बिजलीबाई अशीच बसस. दर गुरवारले. दोन वरीस व्हयनात." मग उषाचा धरलेला हात जरा वर उचलून त्या म्हणाल्या, "मूठ मनी. पोट तिनं. तोंड मनं. आते तुम्हना कान द्या."

मागच्या रांगेतून भाजी विकणाऱ्या सुगंधाबाई म्हणाल्या, "आमी बी अशाच बसतो, नाना. दर बाजारले." त्यांच्या शेजारची म्हणाली, "मी बी." मग कुणी थांबेना. हळदीच्या गाण्यांसाठी आणलेली ढोलकी कुणाच्या तरी मांडीवरून घरंगळली.

उषा म्हणाली, "नाना, द्या ना किल्ली!" तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"तारखेचं काय? पाटीचं काय?" नाना म्हणाले. बिचाऱ्यांना खरंच कळत नव्हतं. आयुष्यभर फीत आधी आणि वस्तू नंतर, हाच त्यांचा क्रम.

आणि मग स्वयंपाकघराच्या दारातून लताबाई बाहेर आल्या. दोन्ही हात कोपरापर्यंत हळदीचे. बावीस वर्षं दर सणाला त्यांचा हात आपांच्या मुठीत गेलेला. तिथे त्यांनी काय काय सांगितलं असेल ते नानांना माहीत नव्हतं. आम्हांला अंदाज होता.

"पुना," लताबाई म्हणाल्या.

पुना शिपाई कढीच्या पातेल्यापाशी चव बघत होता. "जी, वहिनी."

"किल्ली कुठे आहे?"

"नाना म्हणतील तर..."

"पंचायतीच्या बोर्डावर सरपंच म्हणून नाव कुणाचं आहे?"

पुनाने नानांकडे पाहिलं, मग कढीकडे पाहिलं. "तुमचं."

"मग काढ."

किल्ली करदोट्याला होती. पुना भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पन्नास बायकांनी त्या वेळात जे विनोद केले ते इथे लिहिता येत नाहीत. शेवटी किल्ली निघाली.

"अगं, पण साहेब आले तर?" नाना शेवटचं म्हणाले.

"आले तर त्यांनाही जाऊ दे. पलीकडच्या बाजूला पुरुषांचं बांधा म्हणावं," लताबाई म्हणाल्या आणि हळदीच्या हातांनी किल्ली घेऊन सरळ बाजाराच्या वाटेला लागल्या. आपांनी फडकं काढलं. दहा बांगड्या त्यांनी एका दमात भरल्या, मी मोजत होतो, दम माझाच संपला. उषा पाटावरून उठली ती धावतच.

मी लताबाईंच्या मागोमाग गेलो. बिजलीबाई चारोळीचा ढीग लावून बसली होती. लताबाईंनी किल्ली तिच्या हातात दिली. तिला आधी कळेना. मग कळलं. ती उठली नाही. शेजारणीचा तांब्या घेतला आणि सगळ्यांच्या देखत पाणी प्यायली. एक तांब्या. पुन्हा भरून घेतला, दुसरा. अजिबात घाई न करता. जशी एखादी श्रीमंत बाई पिईल तशी. मग तोंड पुसून ती दारापाशी गेली. फीत कापायला कात्री नव्हती. तिने ती दाताने तोडली आणि थुंकून टाकली.

नाना महिनाभर आपांशी बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात ते स्वच्छतागृह आपणच उघडलं असं सांगायला लागले. आपांनी त्यांना ते सांगू दिलं. त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. कुलूप उघडल्यावर पुढच्याच गुरुवारी आपांनी पंचायतीच्या दारात उभं राहून सुरुवात केली होती, की तिसऱ्या खोलीची कडी लागत नाही, चौथीत बल्ब नाही आणि साबण ठेवायला कोनाडा कुणी काढायचा.

"अहो आपा," मी म्हटलं, "आठवडाच झाला. जरा दम धरा."

"कसाले? एक कुलूप उघडनं म्हनीसन मी तोंडले कुलूप लावू का?"

कडी बसली. बल्ब आला. कोनाडा हाशमभाईंनी स्वतः करून दिला, एकही शब्द न बोलता. बिजलीबाई दिवसाला बारा ग्लास पाणी प्यायला लागली आणि बाराही ग्लासांचा हिशोब आपांना द्यायला लागली.

असं दहा महिने चाललं. मग आठवडे बाजार बायपासजवळच्या मैदानात हलवला. तिथे स्वच्छतागृह नाही.